नकाशा गेनबाने काढला

गोल्फबद्दल माझं मत ठाम आहे. लहानपणी ज्यांना आयांनी धुळीत गोट्या खेळू दिल्या नाहीत, ती माणसं पन्नाशी उलटली की इस्त्रीची पँट घालून त्याच गोट्या काठीने खेळतात, आणि गोटी उचलायला शेजारच्या वाडीतला माणूस ठेवतात. याला खेळ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. माझं काही जात नाही.

म्हणून या फेब्रुवारीत एक गृहस्थ गोल्फच्या मैदानाचा इतिहास घेऊन माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी सरळ सांगितलं, चुकीच्या घरी आलात.

“नलूताई ना तुम्ही? मोडी वाचणाऱ्या?”

आता एवढं विचारल्यावर नाही कसं म्हणणार? भोरात मोडी वाचणारी मी एकटीच उरले आहे. बाकीचे काही वर गेले, काही मुलांकडे पुण्याला गेले, आणि दोघांचाही पुन्हा पत्ता नाही. चौतीस वर्षं मी एका कचेरीच्या दप्तरखान्यात बसून जुने मोडी कागद वाचले आणि त्यांच्या बाळबोध नकला केल्या. बाळबोध म्हणजे आपली रोजची देवनागरी. हल्ली हेसुद्धा सांगावं लागतं. मला सासष्टावं चालू आहे, डोळे शाबूत आहेत आणि जीभ डोळ्यांहून शाबूत आहे.

गृहस्थांचं नाव उपेंद्र. चाळिशीचे, पुण्याचे, अंगात चुरगळलेला महागाचा कुडता. गाडी आमच्या आळीत अडकवून आले होते. त्याआधी कापूरहोळला वळायचं सोडून पार किकवीपर्यंत जाऊन आले होते आणि दोष मोबाईलला देत होते. रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही आणि म्हणे इतिहास शोधतो! कार्डावर छापलं होतं, ‘वारसा सल्लागार’.

“म्हणजे काय करता?”

“लोकांना त्यांचा वारसा काय आहे ते सांगतो.”

“आणि लोकांना तो ठाऊक नसतो?”

हसले. अशी माणसं अपमान झाला की हसतात. त्यांच्या धंद्यात हे आधी शिकवत असावेत.

काम असं होतं. वेल्ह्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, साहेबाच्या काळातलं गोल्फचं एक मैदान आहे. धरणाच्या कामावर आलेल्या गोऱ्यांनी केलेलं. ते गेले, मग आपल्यातले गोरे आले. त्यांच्या क्लबाला या वर्षी शंभर वर्षं होतात. त्या निमित्ताने फाटकाशी काळा दगड बसवायचा आणि त्यावर मैदान कुणी आखलं ते कोरायचं. मजकूर उपेंद्रांनी तयार केला होता. तो त्यांनी मला घसा साफ करून वाचून दाखवला.

‘सन १९२६ मध्ये जगद्विख्यात रचनाकार अँगस मॅक्लाउड यांनी हे मैदान आखले. त्यांचा मूळ नकाशा पासली येथील गेनबा नावाच्या मजुराने चोरल्यामुळे आज उपलब्ध नाही.’

“जगद्विख्यात म्हणजे किती जगात?” मी विचारलं.

“त्या काळात फार मोठं नाव होतं, मॅडम.”

“हे काम मिळायच्या आधी तुम्ही ऐकलं होतं?”

पुन्हा हसले.

“बरं, आणि दगडावर चोराचं नाव कशाला? देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं घालतात तसं?”

“पाहुण्यांना गोष्ट लागते हो. हरवलेला नकाशा, चोर मजूर. जरा रंगत येते.”

रंगत! यांची भाजी अळणी, म्हणून दुसऱ्याच्या आज्याचं तिखट घालायचं. बरं, मॅक्लाउडनेच मैदान आखलं याला पुरावा काय, तर तो इथे पाच दिवस राहून गेला असं कुणाच्या तरी इंग्रजी पत्रात होतं. पाच दिवस तर माझी मावसबहीणसुद्धा माझ्याकडे राहून जाते. म्हणून घर काय तिने बांधलं?

अडचण एवढीच होती की क्लबाच्या सभासदांत एक निवृत्त जज्ज होते. ते म्हणाले, एखाद्याला दगडावर चोर म्हणायचं तर मूळ कागद बघून म्हणा. आणि मूळ कागद नेमका सापडला होता. क्लबाच्या कपाटात त्या वेळच्या कारकुनाचा रोजनामा निघाला होता, मोडीतला.

“एकच ओळ वाचायची, आणि आधीचं वाचन बरोबर आहे म्हणून सही करायची,” उपेंद्र म्हणाले. “पाच मिनिटांचं काम.”

माझ्या कामाला पाच मिनिटांचं म्हणणारा माणूस मला आवडत नाही. पण मोडीचं पान म्हटलं की माझा जीव राहत नाही, तेही खरं. वर्षभरात एक कागद डोळ्यांखालून गेला नव्हता. पिशवीत भिंग टाकलं आणि निघाले.

क्लबाच्या फाटकाशी एक म्हातारी बसली होती. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात औषधाच्या दुकानातली पिशवी. गाडी दिसली तशी उठून आडवी आली. वॉचमन ओरडला, “ए म्हातारे, रोज रोज काय गं तुझं!”

उपेंद्र मला हळूच म्हणाले, “ही धोंडाबाई. त्या गेनबाच्या घरातली. चार दिवस झाले येतेय. काच खाली करू नका, सोडणार नाही मग.”

मी काच खाली केली. कुणी करू नका म्हटलं की मी करतेच.

“बाई, कागुद वाचनाऱ्या त्या तुमीच का?”

“हो, मीच.”

“दगुडावर आमच्या म्हाताऱ्याला चोर लिवनार हायती म्हनं. खरं हाय का?”

“कागदात जे असेल ते लिहितील.”

“कागदात काय बी असंल. गेनबा माजा आजेसासरा. म्या सात वर्सं त्येला भाकर वाढली. म्हातारा म्हनायचा, ह्यो सारा खेळ म्या मांडून दिला. ढोरं राखायचा ना त्यो हितं. दुपारच्याला ढोरं जितं बसत्यात तितं वारं लागतं अन पानी थांबत न्हाई. तितं त्यानं गली क्येल्या. नऊ बैठका, नऊ गली. सायबाला आमची ढोरं कुठं ठावं व्हती?”

गल म्हणजे गोट्या खेळायला जमिनीत करतात ती खळी. गोल्फच्या भोकाला या बाजूला अजून गलच म्हणतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

“आणि नकाशा?”

“नकाशाचं मला न्हाई ठावं. पर चोर न्हवता त्यो.” तिने गाडीची काच धरली. “छत्तीस-सदतीस वर्सं झाली. क्लबात कागुद लागला भितीवर, गेनबानं नकाशा चोरला म्हून. माजं मालक हनुमंत हितंच माळी व्हते, गवत कापायचे. हितली मानसं त्यास्नी नकाशाचोर म्हनाया लागली. आदी हसन्यावारी, मंग तोंडावर. यक दिस मालकांनी इळा ठिवला अन घरला आले, त्ये पुन्यांदा हिकडं फिरकलं न्हाईत. तवाधरनं गावात आमचं घर म्हंजी नकाशाचोराचं घर. नातीला सोयरीक आली तर पाव्हण्यांनी आदी त्येच इचारलं. आठ सालामागं मालक ग्येले. कागुद फाटंल तरी. दगुडावर लिवलं तर कदी पुसायचं, बाई?”

चांगलं बोलली, खोटं कशाला सांगू. पण चौतीस वर्षं मी कचेरीत घालवली आहेत. तिथे दर आठवड्याला कुणीतरी येऊन सांगायचं, आमचा आजा तसा नव्हता. सगळ्यांचे आजे देवमाणसं! मग या दोन तालुक्यांतल्या चोऱ्या केल्या कुणी, गाईंनी? मी म्हटलं, “आजी, बाजूला व्हा. कागद काय म्हणतो ते बघू दे.”

आजी म्हटलं मी तिला. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी असेल, फार तर. ती बाजूला झाली आणि पुन्हा तिथेच एका दगडाला टेकून बसली.

क्लबाच्या हॉलमध्ये भिंतभर लाकडी पाट्या होत्या आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत जिंकलेल्यांची नावं. इतकी माणसं इतक्या वर्षांत जिंकली आणि एकाचंही नाव वेल्ह्याच्या बाजारात कुणाला माहीत नसेल. मधोमध मॅक्लाउडसाहेबाचा फोटो. मिशा, पाईप, आणि नुकतंच कुणीतरी जेवायला उठवल्यासारखा चेहरा. चहा आला तर कपातून दोरा लोंबत होता. मी तो बाजूला ठेवला आणि रोजनामा उघडला.

कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शाई काळीभोर. कारकुनाचं अक्षर बघून मन प्रसन्न झालं. मोडी हात न उचलता लिहितात, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, र्‍हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. नवख्याला ती मुंग्यांची रांग वाटते. पण या कारकुनाचं अक्षर असं की वाचताना माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटावं. उपेंद्रांनी खुणेची चिठ्ठी घातलेलं पान दाखवलं. “ही ओळ, मॅडम.”

“मी आधीपासून वाचणार.”

“गरज नाही.”

“तुम्हाला नाही. मला आहे.”

आणि वाचायला लागले, मोठ्याने. त्यांना कळू दे त्यांचा जगद्विख्यात.

‘वद्य तृतीया. मॅक्लाउड साहेब मोटारीने आले. वाटेत श्रमले. मैदान पाहिले नाही.’

‘चतुर्थी. साहेबांनी ओढ्यावर बदके मारिली. बदके खादली.’

‘पंचमी. साहेबांस जुलाब. तंबूबाहेर आले नाहीत.’

‘षष्ठी. जुलाब चालू. गेनबा पासलीकर याणे गुरांच्या बैठका धरून नऊ गली पाडिल्या. राखेची फक्की मारून वाटा दाखविल्या.’

मी इतकी हसले की क्लबाचा वाढपी आत डोकावून गेला. हे यांचे रचनाकार! एक दिवस बदकं आणि दोन दिवस बदकांचा परिणाम. बाहेर गुराखी उन्हात राख टाकत फिरतोय, आणि शंभर वर्षांनी भिंतीवर फोटो कुणाचा, तर तंबूत पोट धरून पडलेल्याचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

उपेंद्रांचा चेहरा पडला होता. म्हणाले, “हे दगडावर नको घ्यायला.”

“जुलाब नका घेऊ. गेनबा घ्या.”

“पण ती चोरीची ओळ...”

ती पानाच्या अगदी तळाला होती. ‘सप्तमी. साहेबांस उतार. साहेबांचे मैदानाचा नकाशा गेनबा याणे काढिला.’ आणि पान संपलं होतं. मी उलटलं. पुढच्या पानावर पहिलीच ओळ, ‘मांजरपाटावर, कोळशाने. साहेबांनी खाली सही केली व नकाशा घेऊन मोटारीने पुण्यास गेले.’

मी भिंग खाली ठेवलं.

“अहो उपेंद्र, मराठी येतं ना तुम्हाला? काढला म्हणजे काय?”

“काढला म्हणजे... बाहेर काढला. काढून घेतला.”

“दात काढला म्हणजे उपटला. कामावरून काढला म्हणजे हाकलला. आणि चित्र काढलं म्हणजे? रांगोळी काढली म्हणजे काय चोरली? मांजरपाटाच्या कापडावर कोळशाने नकाशा काढला त्या माणसाने! रेखाटला! आणि तो घेऊन गेला कोण, तर तुमचा साहेब. पुढची ओळ वाचली असती तर दुसरीतल्या मुलालासुद्धा कळलं असतं. कुठल्या गाढवाने याचा चोरला केला?”

“आम्ही नाही केला, मॅडम. आमच्याकडे सरकारी नक्कल आहे. एकोणनव्वद सालची. शिक्का आहे तिच्यावर.” त्यांनी फाईल उघडली. “तुमच्याच कचेरीतल्या कुणीतरी केली असेल.”

“आणा इकडे. बघू तरी कोण हा दीडशहाणा.”

त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. पिवळा पडलेला, हाताने लिहिलेला. एकाच दिवसाची नोंद होती, सप्तमीची. पहिलं वाक्य बरोबर होतं. शेवटची ओळ अशी होती, ‘साहेबांचे मैदानाचा नकाशा गेनबा याणे काढिला (म्हणजे चोरला).’

कंसातला ‘चोरला’ हा शब्द मी बघत राहिले. माझ्या ‘च’चं पोट जरा जास्तच फुगतं आणि मात्रा मागे पडते. शाळेपासून बाई ओरडायच्या. खाली शिक्का होता आणि शिक्क्याशेजारी दोन अक्षरं, न. गो.

गाढव मीच होते.

हळूहळू आठवलं. क्लबाच्या तेव्हाच्या सेक्रेटरीने एकच सुटं पान पाठवलं होतं, त्याचीही झेरॉक्स, वरचा भाग कापलेली. पुढचं पान मागवायला हवं होतं, मी मागवलं नाही. एकोणतीस वर्षांची होते. मोडीच्या परीक्षेत पहिली आलेली, सगळी कचेरी माझ्या अक्षराचं कौतुक करायची, आणि मला वाटायचं आपल्याला सगळं कळतं. त्या ओळीपाशी मी थांबले होते हेसुद्धा आठवलं. थांबून काय विचार केला तेही आठवलं, आणि तेच जास्त लागलं. मी म्हटलं होतं, पासलीचा गुराखी कसला डोंबलाचा नकाशा काढतोय? पळवला असणार मेल्याने. आणि घातला कंस. कुणी मागितला नव्हता. कागदात नव्हता. आपली अक्कल दाखवायला घातला, आणि दुसऱ्या कागदाला हात घातला.

बाहेर ती बाई दगडाला टेकून बसली होती.

उपेंद्रांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते आपलं गोड बोलत होते. “तुमचं म्हणणं बरोबर असेल, मॅडम. पण जज्जसाहेब विचारतील, एका बाजूला सरकारी शिक्का, दुसऱ्या बाजूला एका निवृत्त बाईंचं मत. तो नक्कल करणारा कारकून आता कुठून आणायचा? असेल की नाही कोण जाणे. त्यापेक्षा असं करू. ‘चोरल्यामुळे’ काढून ‘हरवल्यामुळे’ घालू. चोर गेला, म्हातारी गप्प. मॅक्लाउड आहे तिथे राहू दे. तुम्ही फक्त सही करा.”

त्यांनी पेन पुढे केलं आणि मी ते घेतलं. घेतलं, हे मी लपवत नाही. हरवला! किती सोयीचा शब्द. चोरणारा नाही, काढणारा नाही, आणि कंस घालणारी तर नाहीच नाही. माझी चौतीस वर्षांची नोकरी स्वच्छ आहे, निरोपसमारंभात एकही चूक न केलेली बाई म्हणून मला नारळ दिलेला आहे. न. गो. म्हणजे कोण, हे या हॉलमध्ये कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

पण त्या माणसाचा चेहरा! काय तो समजूतदारपणा, जणू माझ्यावर उपकारच करतोय. मला त्याची अशी किळस आली की सांगता सोय नाही. आणि किळस आली तशी लाजही वाटली, कारण हा माणूस निदान पोटापाण्यासाठी थापा मारतो. मी फुकट मारली होती, शिक्क्यानिशी.

मी रोजनाम्यातल्या त्या सगळ्या नोंदी ओळीने लिहून काढल्या, बदकांसकट. खाली लिहिलं, ‘मूळ कागदात चोरीचा उल्लेख नाही. नकाशा गेनबा पासलीकर यांनी रेखाटला, मैदानही त्यांनीच आखले. १९८९ च्या नकलेतला कंसातला शब्द नक्कल करणाऱ्या कारकुनाने पदरचा घातला. ती कारकून मी.’ आणि पूर्ण नावाने सही केली.

उपेंद्रांनी वाचलं. पहिल्यांदाच हसले नाहीत.

“हे तुमच्यावर शेकेल, मॅडम.”

“शेकू दे. याची एक प्रत जज्जांना मी स्वतः नेऊन देणार आहे, तेव्हा फाईलमध्ये दाबायचा विचार करू नका.”

फाटकाशी गेले तेव्हा धोंडाबाई उठून उभी राहिली. मीच म्हटलं, “गेनबा चोर नव्हते. कागदात तसं कुठेही नाही. मैदान त्यांनी आखलं, नकाशाही त्यांनीच काढला. साहेब तो घेऊन गेला.”

तिने डोळे मिटले. “मंग चोर कुनी लिवलं?”

“मी.”

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. एकच पान होतं, काढला शब्दाचा अर्थ मी चुकीचा घेतला, आपल्या मनाने चोरला लिहिलं.

ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, “तवा इचारलं का न्हाई?”

“कुणाला?”

“आमास्नी. मालक जित्ते व्हते. पासलीला येस्टी येत व्हती, दोन टाइमाला. यक दिस यायचं अन इचारायचं, गेनबाला नकाशा काढता येत व्हता का. शेंबडं पोर बी बोललं असतं. पोळ्याला साऱ्या गावाच्या भितीवर बैलं त्योच काढायचा, कोळशानं. आमच्या पडवीत दोन बैलं अजून हायती.”

“सुचलं नाही मला,” मी म्हटलं. आणि हेच खरं होतं. पासलीत कुणाला काही विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “शिकल्याली बाई तुमी,” एवढंच म्हणाली.

जन्मभर मी लोकांना शब्दांनी सोललंय. मला कुणी असं सोललं नव्हतं.

“धोंडाबाई, दगडावर गेनबांचं नाव येईल,” मी घाईघाईने म्हटलं. “मी भांडून आणीन. शब्द देते.”

“दगुड हितं बसंल. नाव तितं ग्येलंय, गावात. अन मालकाला कोन सांगनार? त्यो खाली मान घालूनच ग्येला.” तिने पिशवी काखेला मारली. “चला.”

“कुठे?”

“पासलीला. तीनची येस्टी हाय.”

मी म्हटलं पुढच्या आठवड्यात येते, माझ्या गोळ्या घरी आहेत, सकाळपासून पोटात काही नाही. ती म्हणाली, “म्या चार दिस हितं बसले.” गेले.

एसटीत जागा होत्या. ती पुढे बसली, मी मागे. वळून बघितलं नाही तिने एकदाही. मी मनात वाक्यं जुळवत होते. गावाच्या पारावर चार माणसं जमतील, उभं राहून एकदा सांगायचं आणि सहाच्या गाडीने परत फिरायचं. भाषण मला जड नाही.

पासलीला उतरल्यावर मी देवळाकडे वळले तशी ती म्हणाली, “तिकडं न्हाई. चोर म्हून पाराव कुनी सांगितलं न्हवतं. घरोघर ग्येलं त्ये. आवतान देत्यात तसं घरोघरच सांगाया लागंल.”

पहिल्या घरी एक माणूस टेम्पो धूत होता. धोंडाबाईने मला पुढे केलं. मी सुरू केलं, “सन एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये माझ्या हातून झालेल्या नकलेत अनवधानाने एका क्रियापदाचा...”

“मराठीत सांगा,” धोंडाबाई म्हणाली.

त्या माणसाने नळ बंद केला. मी म्हटलं, “गेनबा चोर नव्हते. नकाशा त्यांनी काढला होता. चोर मी लिहिलं. खोटं लिहिलं.”

“आसं व्हय,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. हातातल्या पाइपातून पाणी गळत होतं.

दुसऱ्या घरी बाळाबाई म्हणून एक म्हातारी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मी सांगितलं. धोंडाबाई म्हणाली, “मोठ्यानं. तिला ऐकू येत न्हाई.” मी ओरडून सांगितलं, खोटं लिहिलं म्हणून. शेजारच्या दोन बाया दारात आल्या. बाळाबाईने तोंडाला पदर लावला आणि धोंडाबाईकडे बघून म्हणाली, “हनुमंता पायजे व्हता गं आज.” धोंडाबाई पुढे चालू लागली.

तिसऱ्या घरी मोबाईल हातात घेतलेली नवी सून होती. ऐकून म्हणाली, “कोण गेनबा?”

“ज्येच्या नावानं तुजा सासरा आमच्या घराला हाका मारतो, त्यो,” धोंडाबाई म्हणाली, आणि मला, “सांगा. पुन्यांदा सांगा तिला.”

सांगितलं. पुन्हा सांगितलं. घसा पार कोरडा पडला होता, चढाने पाय भरून आले होते. मी त्या सुनेकडे पाणी मागितलं. ती आत वळली तशी धोंडाबाईने तिला हाताने थांबवलं.

“आजून एकोनतीस घरं हायती,” ती मला म्हणाली. “शेवटचं आमचं. पानी तितं देते. चला.”